धोंडबाच्या आंब्याखालची पंगत

नळ येऊन गेला की मायाचं पहिलं काम कूलर भरायचं. मे महिन्यात नागपूरच्या घरात माणसांच्या आधी कूलरला पाणी लागतं. ती पाइप धरून खिडकीशी उभी होती. लेक पिंकी सुट्ट्या लागूनही शाळेच्या वेळेलाच उठून टीव्हीपुढे बसली होती. मायाचा नवरा प्रेमानंद बुटीबोरीच्या कंपनीतली रात्रपाळी करून आला होता आणि तोंडावर चादर ओढून पडला होता. सासूबाई, तुळसाबाई, मधल्या खोलीत जमिनीवर बसून पलंगाखाली हात घालत होत्या. तिथे धानाच्या तणसात पाडाचे आंबे पिकायला घातले होते. त्याला त्या माच म्हणत. चहाच्या आधी माच चाचपायचा, पिकलेले वर काढायचे, डागी वेगळे करायचे, राहिलेल्यांची कूस बदलायची, हा उन्हाळ्यातला त्यांचा नेम. डोळे लागत नसत. देठापाशी अंगठा टेकवला की कळायचं.

"आई, चहा गार होऊन राहिला," माया म्हणाली.

"होऊ दे वं. तुह्या कूलरपुढं सारंच गार होते."

तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना दार वाजवणारा माणूस गल्लीत एकच. तुळसाबाई तणस झटकत उठल्या आणि हसतच दार उघडायला गेल्या, कारण नत्थू आला म्हणजे बुद्धपौर्णिमा जवळ आली.

नत्थू कामठीचा. आधी त्याचा बाप आंबे उतरवायला यायचा, मग तो यायला लागला. खांद्यावर दोर, हातात जाळी बांधलेला बांबू, कमरेला गमछा. "जय भीम काकू," म्हणाला, पाणी प्याला आणि सरळ पुढच्या अंगणात गेला. चप्पल काढून त्याने झाडाच्या बुंध्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि चढला. पिंकी टीव्ही सोडून धावत आली. नत्थूकाका चढताना बघणं हा तिचा वर्षाचा सोहळा होता.

पहिल्या मोठ्या बेचक्यापर्यंत नत्थू नेहमीसारखा खारीगत गेला. तिथे थांबला. एक पाय उचलून वरच्या फांदीवर ठेवला, अर्धा भार टाकला आणि परत घेतला. मग त्याने बोटं मुडपून खोडावर टकटक केलं, कान लावला, जरा खाली सरकला, पुन्हा टकटक केलं. खालून तुळसाबाईंनी बघितलं. त्यांना तो आवाज ऐकू आला नाही, पण ऐकल्यावर त्याचा चेहरा कसा झाला ते दिसलं.

तो उतरला. चढण्यापेक्षा उतरायला त्याला जास्त वेळ लागला.

"काय झालं गा?"

"यंदा नाही काकू."

"काहून? मुंग्या आहेत का?"

"मुंग्या कधी नसतात." त्याने गमछ्याने मान पुसली. "मी इतकी वर्सं चढून राहिलो. माह्या पायानं मले कधी नाही म्हटलं नाही. आज म्हणते, उतर."

"अरे पण काय दिसलं तुले?"

"दिसलं काहीच नाही. तेच तर." आणि मग मायाकडे वळून, "गच्चीवरून काढा पोट्ट्यांकडून, जेवढे निघतील तेवढे. माहा बांबू ठेवून जातो." चहा न घेता नत्थू गेला. असं आजवर घडलं नव्हतं. पिंकी हिरमुसली. माया म्हणाली, "वय झालं त्याचं, आई. घाबरला असंन." तुळसाबाई बुंध्यापाशी गेल्या आणि नत्थूने जिथे चप्पल काढली होती तिथे, फरशीवर, बघत राहिल्या. पहाटेच झाडलेल्या फरशीवर पुन्हा भुसा पडला होता. बारीक, पिवळा, चाळणीतून पडल्यासारखा.

तुळसाबाई मूळच्या कामठीच्या. बाप मागावर बसायचा, आई विड्या वळायची, घरात सकाळपासून रात्रीपर्यंत मागाची खडखड. लग्न होऊन नागपूरच्या इंदोऱ्यात आल्या तेव्हा पहिले काही दिवस त्यांना शांततेमुळे झोप लागायची नाही, असं त्या सांगतात. नवरा धोंडबा कापडगिरणीत. उंच, काळासावळा, बोलायला कमी आणि खायला चोखंदळ. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्याने रामटेककडच्या कोण्या नातेवाइकाकडून टोपलीभर गावरानी आंबे आणले. दोघांनी मोरीपाशी उकिडवं बसून चोखले, कोपरापर्यंत रस ओघळला, कोयी तिथेच टाकल्या. त्यातली एक मोरीच्या पाण्यावर रुजली. शेळीने दोनदा शेंडा खाल्ला. तिसऱ्यांदा तुळसाबाईंनी बाभळीचे काटे रोवले, रोज भांडी घासलेलं पाणी नेऊन ओतलं. सासू म्हणायची, "कोयीचं झाड आहे, आंबट निंघंन, कशाले जीव काढते?" तुळसाबाईंनी ऐकलं नाही. झाडाला नाव मात्र धोंडबाचं लागलं. बाईने पाणी घालायचं आणि गड्याच्या नावाने झाड ओळखायचं, हे काही इंदोऱ्यातच होतं असं नाही.

आंबा गोड निघाला. लहान, रेषाळ, सालीला हिरवा, आत केशरी आणि वासाला किंचित शेपेसारखा. कापून खायचा नाही, हाताने घोळून घोळून मऊ करायचा आणि देठाचा चीक पिळून टाकून चोखायचा. झाड पहिल्यांदा भरून आलं त्या वर्षी आंबे घरात मावेनात. बुद्धपौर्णिमा तोंडावर होती. धोंडबाने गल्लीला जेवायला बोलावलं. बायकांनी झाडाखालीच चुली मांडून उपड्या माठावर लांब रोट्या टाकल्या, हातभर लांब, रुमालासारख्या पातळ. तुळसाबाईंनी मोठ्या गंजात हातानेच रस काढला. तेव्हापासून दर पौर्णिमेला विहारात वंदना झाली की रसाची पंगत धोंडबाच्या आंब्याखाली, हे ठरूनच गेलं.

गावरानी झाड एक वर्ष देतं, एक वर्ष आराम करतं. आरामाच्या वर्षी आंबे कळमन्याच्या बाजारातून यायचे आणि निवडायला तुळसाबाई जायच्या. पिवळ्याधमक पेट्यांवरून त्या हातही न फिरवता पुढे जात. एखादा आंबा उचलायच्या, देठाकडून नाकाशी धरायच्या आणि परत ठेवायच्या. "रंगानं बोलते, देठाशी मुका आहे," म्हणायच्या. म्हणजे पावडर टाकून पिकवलेला. आडते त्यांना येताना बघून आपसांत म्हणायचे, आली हुंगणारी माय. पण मागच्या रांगेतली पेटी त्यांच्यासाठीच पुढे यायची.

धोंडबा गेला त्यानंतरच्या उन्हाळ्यात गल्लीने चबुतरा बांधला. कोणी विटा आणल्या, कोणी रेती, आणि अनंत फरशीवाल्याने सुट्टीच्या दिवशी स्वतः बसून निळ्या-पांढऱ्या फरश्या बसवल्या. बुंध्याला चिकटून गोल, सिमेंटने गच्च भरलेला, एक भेगही नाही. समोर काळ्या दगडावर धोंडबाचं नाव. उद्घाटनाला तुळसाबाई रडल्या. इतकी वर्षं त्या ज्या जागी पाणी ओतत होत्या तिथे आता गार फरशी झाली होती आणि संध्याकाळी तिथे बसलं की नवऱ्याच्या शेजारी बसल्यासारखं वाटायचं. पाणी कुठे ओतायचं हा प्रश्न त्यांना त्या दिवशी पडला नाही. कोणालाच पडला नाही.

गेल्या वर्षी झाड भरून आलं होतं. म्हणजे यंदा आरामाची पाळी. पण पौष संपता संपता मोहोर फुटला आणि थांबेचना. फांद्यांना फुटला, जुन्या गाठींना फुटला, बुंध्याच्या उघड्या सालीवर सुद्धा एक तुरा आला. गल्लीतली माणसं मोबाइल घेऊन फोटो काढायला यायची. "आजी, यंदा तर बंपर आहे!" विक्की म्हणाला. विक्की हा गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष. मोबाइलचं दुकान चालवतो, आवाज मोठा, मन वाईट नाही. तुळसाबाई मोहोराकडे बघून म्हणाल्या, "हो गा, पुष्कळच आला." आणि घरात गेल्या.

त्यांना कामठीच्या घराच्या मागचं लिंबाचं झाड आठवत होतं. ते असंच एका वर्षी पानांपेक्षा लिंबांनी पिवळं झालं होतं. शेजारीपाजारी हारे भरभरून लिंबं घेऊन गेले. आई मात्र विड्या वळता वळता म्हणाली होती, "मरणारं झाड पोटातलं सारं बाहेर काढते." दिवाळीपर्यंत लिंब वाळून खडखडीत झालं. तुळसाबाईंनी हे कोणाला सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून असं निघालं की लोक झाडाकडे बघत नाहीत, म्हातारीकडे बघतात.

त्या नुसतं बघत राहिल्या. पानं यंदा बोटाएवढीच आली होती. जुनी गळत होती, ती सुद्धा पिकून नाही, हिरवट असतानाच. चबुतऱ्याच्या मागच्या अंगाला, जिथे कोणी बसत नाही, खोडातून काळा डिंक वाहून फरशीवर थिजला होता. त्याच्या वर सालीला अळंबीच्या कडक, तपकिरी पायऱ्या फुटल्या होत्या. एक फरशी वर उचलली गेली होती. झाड ज्या बाजूला किंचित कललेलं होतं, त्याच्या नेमक्या उलट बाजूची. आणि रोजचा भुसा. आत भिरूड लागली होती, अंगठ्याएवढी अळी खोड पोखरत वर चालली होती, एवढं त्यांना कळत होतं. किती वर गेली ते कळत नव्हतं. त्या रोज पहाटे झाडू मारायच्या आणि रोज भुसा थोडा जास्त असायचा.

आंबे मात्र असे गोड कधीच झाले नव्हते. गच्चीवरून पोरांनी नत्थूच्या बांबूने काढलेला पहिला हारा माचात घातला आणि तो एरवीच्या निम्म्या वेळात पिकला. खोलीत पाय टाकला की वास घशाशी यायचा. प्रेमानंदने रात्रपाळीला जाण्याआधी उभ्याउभ्याच दोन चोखले आणि म्हणाला, "आई, यंदा साखर घातली का वं झाडाले?" मायाने शेजारी वाटले, शेजाऱ्यांनी पुन्हा मागितले. तुळसाबाईंनी एक चोखला. गोडी जिभेला चिकटून बसली आणि शेपेचा वास कुठेच नव्हता. त्यांनी कोय हातात धरून बघितली. कागदासारखी पातळ, दाबली तर आत दबली. रुजायला आत काही नव्हतंच. त्यांनी उरलेला आंबा गाईच्या पाटीत टाकला. माया बघतच राहिली, कारण सासूबाईंनी आंबा टाकलेला तिने कधी पाहिला नव्हता.

"आई, तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे. माया, पिंकीले चबुतऱ्यावर खेळू देऊ नको."

"का म्हणून?"

"ऊन लागते."

चबुतऱ्यावर दिवसभर सावली असायची. तरी त्या दिवसापासून मायाने पिंकीला पुढच्या दाराने बाहेर जाऊ दिलं नाही.

पौर्णिमेला दोन दिवस असताना दुपारी फांदी पडली. वारा असता तर कोणाला नवल वाटलं नसतं. पण त्या दुपारी पान हलत नव्हतं. उन्हाने गल्ली पांढरी पडली होती, कुत्री नालीत जाऊन झोपली होती, घराघरांतून कूलरचा घरघराट तेवढा चालू होता. आधी लांब, ओढल्यासारखा एक करकर आवाज आला आणि मग धप्प. घरं हलली. लोक बाहेर आले तर माणसाच्या कमरेएवढी जाड फांदी आंब्यांसकट आडवी पडलेली, रेषेसारखी सरळ, ज्या जागी दर वर्षी बायका चुली मांडतात त्या जागेवर.

कोणी खाली नव्हतं. म्हणून पाच मिनिटांत भीती गेली आणि मजा आली. बायकांनी पदर पसरले, पोरं फांदीवर घोडा घोडा खेळायला लागली. प्रेमिलाबाई, समोरच्या घरातल्या, टोपली भरता भरता म्हणाल्या, "तुळसाबाई, नत्थू नाही चढला तं झाड सोताच उतरून आलं बघा!" सगळे हसले.

"लोड जास्त झाला होता," विक्कीने जाहीर केलं. "आता हलकं झालं. आता काही होत नाही."

तुळसाबाई हसणाऱ्यांच्या मधून वाट काढत मोडलेल्या टोकापाशी गेल्या. ओलं लाकूड मोडलं की पांढरं दिसतं, चीक येतो, वास येतो. हे टोक आतून तपकिरी होतं. त्यांनी बोट घातलं, ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. बाहेर आलं तेव्हा बोटावर तपकिरीसारखी पूड होती. वर झाडाकडे बघितलं तर फांदी निघाली तिथे एक काळं भोक, त्यातून वटवाघूळ जाईल एवढं. आणि ते भोक वर जाण्याऐवजी खाली, बुंध्यात उतरत होतं.

त्यांनी विक्कीला बोलावून बोट दाखवलं. त्याने बघितलं. खरंच बघितलं, क्षणभर त्याचा चेहरा नत्थूसारखा झाला. मग कोणीतरी मागून हाक मारली, "भाऊ, मंडपवाला आला," आणि तो निघाला. जाता जाता म्हणाला, "आजी, पौर्णिमा होऊन जाऊ द्या. मंग बघू. आता पत्रिका वाटल्या ना."

मंडपाच्या दोऱ्या झाडालाच बांधायच्या होत्या. दर वर्षी तसंच. लहान पोरांचं गाण्यांचं पथक चबुतऱ्यावर बसणार, कारण तिथून ती सगळ्यांना दिसतात. पिंकी पहिल्या रांगेत होती. तिने पांढरा फ्रॉक काढून इस्त्रीला दिला होता.

संध्याकाळी प्रेमानंद पाळीवर जायला निघाला तेव्हा तुळसाबाईंनी त्याला डबा देता देता सांगितलं, "मी उद्या बैठकीत सांगणार आहे. पंगत दुसरीकडं करा म्हणून."

प्रेमानंद बूट घालत होता, तो थांबला. "आई, नको."

"काहून नको?"

"तुले माहीत आहे काहून." आवाज खाली घेऊन म्हणाला, "मागच्या साली तो बिल्डर येऊन गेला ना घरी. मी त्याले चहा पाजला, साऱ्या गल्लीनं पाहिलं. मी नाही म्हटलं त्याले, पण ते कोणी पाहिलं नाही. आता तू झाडाचं काढलं की लोक म्हणतीन, मायलेकांनी जुळवलं. झाड पडलं की प्लॉट मोकळा."

"म्हणू दे."

"तुले म्हणत नाहीत, मले म्हणतात. बस स्टॉपवर म्हणतात." त्याने नाडी ओढून गाठ मारली. "अन् अनंतकाका काय म्हणंन? त्यानं आपल्या हातानं फरशी बसवली बाबांसाठी. तू म्हणशील का त्याले, की तुह्या फरशीनं झाड मेलं?"

तुळसाबाईंनी डब्याचं झाकण पुन्हा दाबून लावलं. तेच वाक्य त्यांच्या मनात कित्येक दिवस येऊन जात होतं, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते फार दुष्ट वाटलं.

"नाही म्हणत," त्या शेवटी म्हणाल्या. "पण प्रेमा, पिंकी तिथं बसणार आहे."

त्याने झाडाकडे बघितलं. दिवस मावळायला आला होता आणि झाड आंब्यांनी इतकं लदबदलेलं होतं की काळोखी धरूनही पानांआधी आंबेच दिसत होते. कंपनीची बस हॉर्न देऊन राहिली होती. तो निघाला. पण गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आला, दारातूनच मायाला म्हणाला, "पिंकीले ताप आहे म्हणून सांग," आणि पुन्हा पळाला.

माया सासूकडे बघायला लागली. तुळसाबाई म्हणाल्या, "बाकीच्यांच्या पोरांना कोणता ताप सांगू वं मी?"

दुसऱ्या दिवशी हवा फिरली. सकाळपासून आभाळ मातकट, ऊन असून नसल्यासारखं, आणि दक्षिणेकडून मधूनच एक गरम झोत यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. प्रत्येक झोताबरोबर तुळसाबाईंना अंगणातून एक आवाज ऐकू येत होता. पानांचा नाही. जिन्याची जुनी पायरी पायाखाली कुरकुरते तसा. त्यांनी मायाला विचारलं, तुले ऐकू येते का. माया म्हणाली, नाही. मग थोड्या वेळाने कूलर बंद करून ती खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, "येते."

टीव्हीवर वादळाचा इशारा आला होता. उद्या संध्याकाळ. उद्या संध्याकाळीच पंगत.

त्या दिवशी दिवेलागणीला मंडळाची शेवटची बैठक चबुतऱ्यावर भरली. विक्की मधोमध उभा, हातात माइक, तो चालतो की नाही बघायला उगाच "हॅलो हॅलो" करत. अनंत फरशीवाला दगडाला टेकून बसला होता; गुडघे गेल्यापासून तो काम करत नाही, पण येताना खिशातून रुमाल काढून त्याने दगडावरचं धोंडबाचं नाव पुसलं. प्रेमिलाबाई आणि बाकीच्या बायका रोट्यांची कणीक कोणी मळायची यावर भांडत होत्या. पोरं चबुतऱ्याच्या कडेवरून उड्या मारत होती. मंडपाच्या दोऱ्या झाडाला बांधून झाल्या होत्या आणि झोत आला की मंडपाचं कापड फुगायचं, दोरी ताणायची आणि तो पायरीचा आवाज यायचा. माइकमुळे कोणाला ऐकू जात नव्हता.

तुळसाबाई चबुतऱ्यावर चढल्या नाहीत. खाली उभ्या राहिल्या. मागे माया, पिंकीचा हात घट्ट धरून.

"विक्की, मले बोलायचं आहे."

"या ना आजी, वरती या. माइक घ्या."

"माइक नको."

कोणीतरी मागून हळूच, पण ऐकू जाईल असं म्हणालं, "बिल्डरचा निरोप असंन." दोघेचौघे हसले. प्रेमिलाबाईंनी "ए, गप बे!" म्हटलं, पण त्याही तुळसाबाईंकडे आता बारकाईने बघायला लागल्या. अनंतने मान वर केली.

तुळसाबाईंनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. ज्यांनी विटा वाहिल्या ते होते, ज्यांनी रेती आणली ते होते. धोंडबाच्या नावासाठी या माणसांनी रविवार दिले होते. त्यांना डिंकाचं, भुशाचं, मोडलेल्या टोकाचं, फरशीचं, सगळं सांगायचं होतं. ते सांगितलं तर अनंत उद्यापासून या दगडाला टेकणार नाही. आणि एवढं सांगूनही विक्की म्हणेल, पौर्णिमा होऊन जाऊ द्या.

झोत आला. दोरी ताणली. चबुतऱ्यावरचा एक पोरगा उडी मारता मारता थांबला आणि त्याने खोडाकडे वळून बघितलं.

"प्लॉट मी विकत नाही," तुळसाबाई म्हणाल्या. "झाड तोडा असंही म्हणत नाही. त्याचं त्याले ठरवू द्या. रस मीच काढणार, माहे आंबे निवडून झाले. नत्थू काहून चढला नाही ते मले विचारू नका, त्याले विचारा."

"मंग आजी, काय पाहिजे तुम्हाले?" विक्कीने विचारलं. त्याने माइक खाली घेतला होता.

"मंडपाच्या दोऱ्या आज, आत्ता झाडापासून सोडा, अन् उद्याची पंगत विहारापुढच्या रस्त्यावर मांडा. माह्या झाडाखाली उद्या कोणाचं लेकरू बसू नये. एवढंच मागते."